सहा फुटी रीफ टँकवर काय टांगायचं: हॅलाइड, टी५ की एलईडी?

घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅटमध्ये सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, मांडायचा तर त्यात काठोकाठ साडेआठशे लिटर पाणी बसतं. दिव्यांची चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती वॉटचा लावू?’ त्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. अडीच फुटांच्या रुंदीवर उजेड सारखा पसरेल का, आणि त्या दिव्याची उष्णता जाणार कुठे? आपल्याकडच्या हवेत दुसरी गोष्टच निम्मा निर्णय करून टाकते. पुढची सगळी आकडेमोड याच मापाच्या टँकसाठी आहे.

उजेड कोणासाठी?

कोरलला मिळणारा उजेड ‘पार’मध्ये मोजतात: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. मश्रूम, झोअँथस, लेदर या सॉफ्ट कोरलना ५० ते १५० पार पुरतो. हॅमर, टॉर्च, ब्रेन हे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) ७५ ते १५०मध्ये छान फुलतात. अ‍ॅक्रोपोरा आणि बऱ्याचशा मॉन्टिपोरा या बारीक पॉलिपच्या कठीण कोरलना मात्र २०० ते ३५० लागतो. टँकमध्ये फक्त सॉफ्ट कोरल आणि एलपीएस ठेवायचे असतील तर पुढचा निम्मा वाद तुमच्यासाठी नाहीच. तीन बऱ्यापैकी एलईडी टांगा आणि उरलेले पैसे चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) लावा.

जाता जाता एक. भारतीय समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘रामेश्वरम‌्चा माल आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. आयात मालाचंही बिल आणि कागदपत्रं मागून घ्या.

उष्णतेचा हिशेब

साडेआठशे लिटर पाणी एका अंशानं तापायला जवळजवळ एक युनिट ऊर्जा लागते. २५० वॉटचे तीन मेटल हॅलाइड बॅलास्टसकट (म्हणजे चोकसकट) सुमारे ८२५ वॉट ओढतात. आठ तासांत ६.६ युनिट. त्यातला तिसरा हिस्सा जरी पाण्यात गेला तरी दोन अंश चढले. पाण्यात शिरलेल्या उजेडाचीही शेवटी उष्णताच होते, आणि पंपांची भर वेगळी. एप्रिल-मेमध्ये बंद हॉल ३३ अंशांवर असतो. तिथे दिवा न लावताच पाणी तिशीकडे जातं, आणि आपल्याला ते २५ ते २७मध्ये धरायचं आहे.

पंख्यानं पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात हे बऱ्यापैकी चालतं. जुलैत हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असतो, मग पाणी उडणार कसं? म्हणून मेमध्ये पंख्यावर निभावलेला टँक ऐन पावसाळ्यात तापतो आणि मालक बुचकळ्यात पडतो. हॅलाइड लावायचे तर चिलर हवाच, आणि तो हॉलमध्ये नको. पाण्यातून काढलेली उष्णता तो त्याच खोलीत ओततो. ड्राय बाल्कनीपर्यंत पाइप नेता येत असतील तरच हॅलाइडचा विचार करा. भिंतीला कोअर कटिंग करण्याआधी सोसायटीची परवानगी घ्या, आणि बीमला ड्रिल लावू देऊ नका.

मेटल हॅलाइड: दिव्याइतकाच रिफ्लेक्टर

हॅलाइडची झळाळी कोणालाच जमलेली नाही, हे मान्य करायला हवं. पाण्याच्या तळाशी नाचणाऱ्या त्या उजेडाच्या रेषा, खोलवर जाणारा पार, अ‍ॅक्रोपोराची वाढ, सगळं खरं. पण बल्ब सगळ्या दिशांना उजेड फेकतो, त्यामुळे टँकमध्ये किती पोचणार हे रिफ्लेक्टर ठरवतो. अरुंद पेंडंटमध्ये (टांगत्या फिटिंगमध्ये) बरोबर बल्बखाली पांढराफटक ठिपका पडतो आणि कोपऱ्यात अंधार राहतो. वीस इंची चौकोनी रिफ्लेक्टर उजेड दोन-अडीच फुटांच्या चौकोनात पसरवतो, म्हणून सहा फुटांना असे तीन लागतात. चांगल्या मोठ्या रिफ्लेक्टरमधला २५० वॉटचा बल्ब साध्या पत्र्याखालच्या ४०० वॉटला भारी पडू शकतो. पैसे टाकायचे ते तिथे.

दोन्ही टोकांना पिना असलेला बल्ब घेतलात तर समोरची टफन काच कधीही काढू नका. अतिनील किरण तीच अडवते. ती काढून दिवा चालवला तर कोरल भाजतात आणि डोळ्यांनाही धोका. एका टोकाचा, आट्यांचा बल्ब असेल तर बाहेरचं काचेचं आवरण ते काम करतं. उंची पाण्यापासून ९ ते १२ इंच. बल्ब ९ ते १२ महिन्यांत बदलावा लागतो.

वीज क्षणभर गेली आणि आली तरी हॅलाइड लगेच पेटत नाही. बल्ब निवल्याशिवाय पुन्हा आर्क धरत नाही, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. पावसाळ्यात महावितरणची वीज दिवसातून चार वेळा डोळे मिचकावते, आणि टाइमरनं आठ तास मोजले तरी कोरलला सातच मिळतात.

टी५: जुना, पण समजून घेण्याजोगा

टी५ म्हणजे बारीक ट्यूबलाइट; तिची नळी १६ मिलिमीटर जाडीची. हा बारीकपणाच तिचं बळ आहे. नळीतून वर गेलेला उजेड रिफ्लेक्टरवर आपटून खाली येतो, तेव्हा वाटेत नळीच आडवी आली तर तो वाया जातो. जाड नळीत नुकसान जास्त, बारीक नळीत कमी. यासाठी प्रत्येक नळीला स्वतंत्र, मधोमध उंचवटा दिलेला रिफ्लेक्टर हवा, म्हणजे उजेड नळीच्या दोन बाजूंनी खाली उतरतो. सगळ्या नळ्यांवर मिळून एकच चकचकीत पत्रा वाकवून बसवलेली फिटिंग स्वस्त पडते, पण शेजारच्या नळ्या एकमेकींचाच उजेड खातात. दुकानात फिटिंगखाली वाकून बघा: पेटलेल्या नळीच्या दोन्ही अंगांना तिची सरळ, न फाटलेली प्रतिबिंबं दिसली तर रिफ्लेक्टर चांगला. प्रतिबिंब धुरकट किंवा वेडंवाकडं दिसलं तर तो नुसता पत्रा. पांढरा रंग दिलेला पत्रा तर उजेड चहूकडे विखुरतो, तिकडे वळूच नका.

सहा फुटी टँकवर १४४९ मिलिमीटरच्या ८० वॉटच्या आठ नळ्या बसतात. दोन्ही टोकांना १९ सेंटिमीटर उजेड थोडा उतरतो. तिथे टॉर्च आणि हॅमर ठेवा.

आता फसगतीची जागा. लोहार चाळीत किंवा ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात १४४९ मिलिमीटरची टी५ मागितली तर हातात बहुधा ३५ वॉटची येईल. लांबी तीच, पिना त्याच, होल्डरमध्ये बसतेही ठाकठीक. ८० वॉटच्या बॅलास्टवर ती काही दिवसांत टोकांना काळी पडून जाते. चार फुटांतही तोच घोळ: ११४९ मिलिमीटरमध्ये २८ वॉट आणि ५४ वॉट, दोन्ही मिळतात. नळीवर छापलेला आकडा वाचूनच पैसे द्या.

दुसरी गोष्ट टोकांची. नळीच्या ज्या टोकाला नाव छापलेलं असतं तिथे तिचा थंड बिंदू असतो आणि आतल्या पाऱ्याचा दाब त्यावर ठरतो. सगळ्या नळ्यांची छापील टोकं एकाच बाजूला ठेवा, नाहीतर शेजारणीचं गरम टोक त्या बिंदूला तापवतं. भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असते तेव्हा टी५ सगळ्यात जास्त उजेड देते. दिव्यांवरच्या बंद लाकडी पेटीत, म्हणजे कॅनोपीत, मे महिन्यात हवा याच्या कितीतरी वर जाते, मग उजेडही घटतो आणि रंगही बदलतो. कॅनोपीला मागून हवा ओढून घेणारे दोन पंखे लावा. थेट नळ्यांवर फुंकणारे नकोत.

नळ्या दर ९ ते १२ महिन्यांनी बदलायच्या, पण आठही एका दिवशी नाही. जुन्या मंदावलेल्या असतात, कोरल त्या मंद उजेडाला सरावलेले असतात. एकदम आठ नव्या लावल्या की आठवड्यात कोरलची टोकं पांढरी पडतात. आठवड्याला दोन बदला. शिवाय युरोपात सर्वसाधारण वापराच्या टी५ नळ्या बाजारात आणायला ऑगस्ट २०२३पासून बंदी आहे. मत्स्यटँकच्या खास नळ्या मिळतात, पण वर्षाचा साठा आधी घरात ठेवून मगच या वाटेला जा.

एलईडी: लेन्स बघा

एलईडीला पत्र्याचा रिफ्लेक्टर नसतो, त्याचं काम लेन्स करते. ६० अंशांची लेन्स उजेड खोल नेते, पण अ‍ॅक्रोपोराच्या वरच्या फांद्या जळतात आणि खालच्या सावलीत मरतात. दोन फूट उंचीच्या टँकला १२० अंशांच्या आसपासचा पसारा बरा. एक एलईडी युनिट अ‍ॅक्रोपोराच्या लायकीचा उजेड दोन फुटांच्या चौकोनातच देतं, म्हणून सहा फुटांना तीन. मात्र अडीच फुटांच्या रुंदीत पुढचा आणि मागचा तीन-तीन इंचांचा पट्टा कमी राहतो. पूर्ण अ‍ॅक्रोपोराचाच टँक असेल तर तीनवर भागत नाही, चार-पाच लागतात.

बिनमार्क्याच्या काळ्या डब्यांचा आकडा मनावर घेऊ नका. ‘१६५ वॉट’ म्हणजे ५५ दिवे गुणिले ३ वॉट, हे कागदावरचं गणित. प्लगला मीटर लावला तर साधारण १००-१२० वॉटच दिसतात. बाकी डबा वाईट नसतो, एलपीएसला चालतो. त्याचा पंखा आणि ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा भाग) खाऱ्या दमट हवेत लवकर जातात, आणि पंखा बंद पडलेला कळत नाही तोवर दिवे करपतात. महिन्यातून एकदा वर हात धरून वारा लागतो का बघा.

दोन्ही मिळून

अ‍ॅक्रोपोरा ठेवायचेच असतील तर या मापाला आमची पसंती संकरित मांडणीला: मधे तीन एलईडी मंद चालवून, त्यांच्या पुढे आणि मागे दोन-दोन टी५. नळ्या सावल्या भरून काढतात, रुंदीतले कमजोर पट्टेही भरतात, आणि त्या दुपारचे सहाच तास लावायच्या असल्यानं वीज आणि उष्णता आटोक्यात राहते. युनिटला १५ रुपये धरून मांडलेला हिशेब असा. तुमच्या बिलातला दर घालून बदलून घ्या. चिलर यात धरलेला नाही.

| मांडणी | प्रत्यक्ष वॉट आणि तास | महिन्याचे युनिट | रुपये |
|---|---|---|---|
| हॅलाइड ३ × २५० | ८२५, ८ तास | १९८ | २९७० |
| टी५ ८ × ८० | ६८०, ९ तास | १८४ | २७६० |
| एलईडी ३ × १३५, कमी करून | ३००, १० तास | ९० | १३५० |
| एलईडी २२० + टी५ ३४० | १० तास / ६ तास | १२७ | १९०५ |

टांगणं, पुसणं, जुळवणं

फिटिंग पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कधीच अडकवू नका. ते कापून वरच्या स्लॅबला अँकर फास्टनर मारा. काचेच्या टँकला मधली आडवी पट्टी असते. एलईडीचं केंद्र तिच्यावर येऊ देऊ नका, नाहीतर सगळ्यात जोरकस उजेड पट्टीवर खर्च होतो. वर काचेचं झाकण नको: त्यावर मिठाचा थर बसतो, उजेड अडतो आणि बाष्पीभवनही थांबतं. मासे उडी मारतात म्हणून जाळी घाला. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ दे, म्हणजे ओघळ प्लगात न शिरता खाली टपकेल. दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) हवीच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पाणी फिरवणारा पंप लावा, दिवे नकोत. कोरल एखादा दिवस अंधारात काढतात, साचलेल्या पाण्यात काढत नाहीत.

रिफ्लेक्टरवरचं मीठ दर पंधरा दिवसांनी पुसायचं. दिवे बंद करून, निवू देऊन, मऊ फडकं आरओच्या पाण्यात भिजवून आधी नुसतं टेकवा, मीठ विरघळू द्या, मग एकाच दिशेनं पुसा. कोरडं घासलंत तर मिठाचे खडेच ओरखडे काढतात आणि ती झळाळी परत येत नाही. हट्टी डागांना पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, लगेच पुन्हा आरओचं पाणी. काच पुसायचा स्प्रे टँकवर मारू नका; त्यातला अमोनिया खाली पाण्यात जातो.

दिवा बदलताना पार मोजल्याशिवाय हात लावू नका. पाण्याखाली चालणारा मीटर आठवडाभरासाठी कोणाकडून मागून आणा. फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. ५४ लक्सला एक पार हा हिशेब सूर्यप्रकाशासाठी आहे. निळ्या उजेडात तो साफ चुकतो, कारण लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं माप आहे आणि डोळ्याला निळं कमी दिसतं. लांबीला सहा आणि रुंदीला तीन जागा धरून वाळूवर, मधल्या कड्यावर आणि वरच्या टोकाला मोजा. चोपन्न आकडे होतील, ते कागदावर लिहून ठेवा. नवा दिवा टांगला की जिथे अ‍ॅक्रोपोरा आहे तिथला आकडा जुन्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्के येईल इतका तो मंद करा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. फांद्यांची टोकं फिकी पडायला लागली तर दोन पावलं मागे या आणि दोन आठवडे तिथेच थांबा. कोरल तपकिरी होत असेल तर उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात नायट्रेट जास्त आहे. दिवा वाढवायच्या आधी नायट्रेट तपासा.