41 किलो, 16 महिने आणि मोजके कपडे: वापरानंतरचा अनुभव

112 किलोंपासून सुरुवात केली, आज 71 वर आहे. गेले तीन महिने काटा एक-दीड किलो इकडेतिकडे होतो, बाकी स्थिर आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही. आहार आणि व्यायामावर भरपूर लिहिलं जातं. पण दर दोन-तीन महिन्यांनी अंगावरचा कपडा उतरायला लागला की काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हातात पैसे बेताचेच होते. या काळात काय घेतलं, काय किती चाललं आणि कुठे पैसे वाया गेले, ते सगळं इथे मांडते.

सुरुवातीला मी ठरवलं होतं की वजन पूर्ण उतरेपर्यंत काहीच घ्यायचं नाही, जुनंच ओढायचं. पहिले 14 किलो तसेच काढले आणि तो काळ मला सगळ्यात जड गेला. पॅंट सतत एका हाताने वर ओढायची, शर्टाचे खांदे दंडावर उतरलेले. एवढी मेहनत करूनही आरशात मी आणखीच बेढब दिसत होते. एकदा जिना उतरताना खाली घसरून लांब झालेल्या पॅंटमध्ये पाय अडकला आणि मी चार पायऱ्या घसरले. त्या दिवशी ठरवलं, वाटेवरच्या शरीरालाही कपडे लागतात आणि त्यासाठी थोडे पैसे बाजूला काढायचे.

मग एक हिशोब सुरू केला, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. कपडा किती महिने चालेल हे मी बघणं सोडलं. तो किती किलो चालेल हे बघायला लागले. वहीत प्रत्येक कपड्यापुढे दोन आकडे: नीट बसायला लागला तेव्हाचं वजन आणि अंगावर टिकेनासा झाला तेव्हाचं. वर्षभरात त्या वहीतून जे दिसलं ते दुकानातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा खरं निघालं.

चेन-बटणाची, न ताणणारी जाड कापडाची पॅंट जेमतेम 5 किलो चालली. तीच नाडीची असेल तर 13 ते 15. इलास्टिकच्या कमरेचं दिसायला सोपं, पण इलास्टिक ठरावीक मर्यादेपर्यंतच आकसतं, त्यापुढे पॅंट घसरतेच. म्हणून घेताना नेफा उघडता येतो का ते बघायचे. उघडता आला तर आतलं इलास्टिक कापून लहान करायला दहा मिनिटं लागतात. नाडी आणि इलास्टिक दोन्ही असलेली एक काळी पॅंट मी 98 वर घेतली आणि 81 पर्यंत घातली. 17 किलो! कमरेखालचं एवढं दुसरं काहीच चाललं नाही, फक्त गुंडाळून बांधायचा स्कर्ट सोडून. तो अजून घालते. एकावर एक येणारा पदर दर वेळी थोडा जास्त आत जातो, इतकंच.

पट्ट्यावर फार विसंबू नका. साध्या पट्ट्याला बहुधा पाच भोकं असतात, एकमेकांपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर. म्हणजे सगळी मिळून वाव 10 सेंटिमीटरचा. मी आणखी तीन भोकं पाडून घेतली. पण कंबर 5-6 सेंटिमीटरपेक्षा जास्त सैल झाली की कापडाच्या चुण्या पडतात, बसल्यावर पाठीत रुततात, आणि मागची बाजू लोंबते ती लोंबतेच. पट्टा पॅंट धरून ठेवतो, मापाची करत नाही.

शिवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मी चुकलेही आणि वाचलेही. पॅंटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते. माझ्या अनुभवात 5 सेंटिमीटरपर्यंत छान होतं. त्यापुढे मागचे दोन्ही खिसे एकमेकांकडे सरकतात आणि सीटची ठेवण बिघडते. माझी एक आवडती पॅंट तिसऱ्यांदा आत घ्यायला दिली, तेव्हा खिसे जवळजवळ चिकटले. वर शिवणाऱ्याने उरलेलं कापड विचारल्याशिवाय कापून टाकलं. आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तेव्हापासून पहिलं वाक्य ठरलेलं: ‘माया कापू नका.’ माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. शिवणीत माया राहिली तर कपडा पुन्हा सैल करता येतो, आणि पुढे कुणाला द्यायचा झाला तरी त्याचा उपयोग असतो.

शर्ट-टॉपच्या बाबतीत खांदा बघायचा. बाजूच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत आत घेणं सोपं आणि स्वस्त. पण खांदा उतरला असेल तर बाही उसवून, मुंढा (बाही जोडायचा गोल भाग) नव्याने कापून परत जोडावी लागते. साध्या कपड्यासाठी तो खर्च परवडत नाही. माझा नियम असा झाला: खांद्याला बसतं आणि पोटावर सैल आहे, तर घ्या. पोटावर बसतं आणि खांद्याला सैल आहे, तर ठेवून द्या. खांद्याचं हाड काही बारीक होत नाही, म्हणून तिथलं माप सगळ्यात कमी बदलतं. माझं 41 किलोंमध्ये साडेतीन सेंटिमीटरने बदललं, कमरेचं 38 ने.

धावदोरा घालायला मात्र शिकून घ्याच. हाताने कच्चा टाका घालून दोन-तीन आठवडे वापरायचं, मग उसवून आणखी आत. मशीन लागत नाही. बाहेरून दिसू नये म्हणून वरून सैलसं जॅकेट घालायचं. माझं एकच जॅकेट होतं, पुढून उघडं, बटणांशिवायचं. ते 22 किलो चाललं, आणि वजन उतरल्यावर थंडी जास्त वाजायला लागली तेव्हाही तेच कामी आलं. अंगावरची चरबी कमी झाली की ऊब कमी होते, हे आधी माहीत असतं तर एक जास्तीचा पातळ थर पहिल्यापासून घेतला असता.

आता अंतर्वस्त्रं. इथे काटकसर करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. सैल ब्रा घालून मी चार महिने काढले, खांद्यांवर वळ उठले, पाठ दुखायला लागली. आधाराचा बहुतेक भार छातीभोवतीच्या पट्ट्याने घ्यायचा असतो. तो सैल झाला की सगळं ओझं खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतं. नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशी घ्या, म्हणजे आतले हूक पुढच्या किलोंसाठी राहतात. आणखी एक: पट्टा लहान केला की त्याच अक्षराचा कपही लहान होतो. मापातला आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं. 38सीचा पट्टा सैल झाला, पण कप बरोबर आहे, तर 36सी नाही, 36डी बघायची. हे कळायच्या आधी मी दोन चुकीच्या घेतल्या. एका वेळी दोनच घेत गेले, एक अंगावर, एक धुण्यात. प्रत्येक जोडी साधारण 7 किलो चालली.

मांड्या घासणं वजन कमी झाल्यावर थांबेल असं वाटलं होतं. उलट त्वचा सैल झाल्यावर मधले काही महिने जास्त त्रास झाला. गुडघ्यापर्यंतच्या घट्ट, मऊ आतल्या चड्ड्यांनी तो थांबला. तीन घेतल्या, एकाही पैशाचा पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो ‘पुढे होईल’ म्हणून घेतलेल्या जीन्सचा. 90 किलोंवर असताना सवलतीत दोन मापं लहान घेतली. कंबर त्या मापाला आली तेव्हा मांडीत बसेना, आणि मांडीत बसली तेव्हा कंबर सैल. शरीर सगळीकडून सारखं उतरत नाही. ती मी एकूण सहा वेळा घातली असेल. वजन 9 आठवडे एकाच आकड्यावर अडकलं होतं तेव्हा ती कपाटात बघून रोज मन खचायचं. त्याच 9 आठवड्यांत टेपने मोजली तर कंबर 4 सेंटिमीटर कमी झालेली होती. म्हणून टेप घ्या. दर पंधरवड्याला, सकाळी, उपाशीपोटी, छाती-कंबर-सीट-मांडी. आणि टॅगवरच्या आकड्यावर जाऊ नका. एकाच महिन्यात मला तीन कंपन्यांची तीन वेगळी मापं बसत होती.

बूटही अर्ध्या मापाने सैल झाले, जाड सुखतळ्याने निभावलं. अंगठी मात्र वेळीच काढून ठेवा. माझी भांडी घासताना निसटली, सिंकच्या जाळीत अडकली म्हणून मिळाली. ती लहान करून घेतली आत्ता, वजन थांबल्यावर.

एका वेळी माझ्याकडे बाहेर जायच्या तीन पॅंट, पाच टॉप आणि ते जॅकेट, इतकंच होतं. सगळं गडद रंगाचं, एकमेकांवर चालणारं. बरंचसं मामेबहिणीकडून आणि मैत्रिणींकडून आलेलं, काही जुन्या कपड्यांच्या विक्रीतून. मोठे झालेले कपडे शक्यतो कपाटात साठवले नाहीत, बहुतेक लगेच दिले किंवा विकले. त्यातून पुढचं घ्यायला थोडे पैसे सुटायचे. आताच्या मापापेक्षा एक माप मोठे कपडे मात्र ठेवले आहेत, दोन पॅंट आणि तीन टॉप. वजन चार-पाच किलो परत वाढू शकतं, आणि तसं झालं तर पुन्हा पहिल्यापासून खरेदी करायची माझी ऐपत नाही.

ती 17 किलो चाललेली काळी पॅंट गेल्या आठवड्यात माझ्या ऑफिसातल्या एकीला दिली. ती 96 वर आहे, खाली येतेय. नेफ्यात नवं लांब इलास्टिक घातलं, नाडी बदलली, आणि आत घेतलेल्या शिवणी उसवून दिल्या. माया सगळी शाबूत होती.