फोर-व्हीलचं कंट्रोल मॉड्यूल बदललं: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. पिकअपचं फोर-व्हील कंट्रोल मॉड्यूल (चारही चाकांना ताकद द्यायची की फक्त दोन, हे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलल्यावर एक अख्खा पावसाळा आणि मागोमागची थंडी निघाली. डॅशवरचा नॉब फिरवला की फोर-हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगासाठी) पडतं, थांबून न्यूट्रल केलं की लो (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) पडतं, तसंच मुकाट टू-व्हीलवर परत येतं. डॅशवरचा सर्व्हिसचा दिवा त्यानंतर लागलेला नाही. पार्ट चांगला आहे. पण नुसता तेवढाच आणून बसवला असता, तर तोही ह्याच पावसाळ्यात गेला असता, हे माझं ठाम मत आहे.

दुखणं हळूहळू वाढत गेलं. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा लागायचा, किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की गायब. मग कधीतरी नॉबवरचे टू-हाय, फोर-हाय, फोर-लो असे तिन्ही दिवे एकदम विझायला लागले. असं झालं की नॉब कितीही फिरवा, खालून मोटरचा आवाजच नाही. शेवटी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायला लागली, आणि खरं तर तिथेच चोर सापडला. गाडी लॉक करून सगळं झोपल्यावर बॅटरीतून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. इथे त्याच्या कितीतरी पट जात होता, आणि ह्या मॉड्यूलचा फ्यूज काढला की आकडा झटक्यात खाली यायचा. म्हणजे किल्ली काढल्यावरही हे महाशय जागेच.

त्याआधी सल्ला मिळाला होता तो ट्रान्सफर केसवरची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) शिफ्ट मोटर, म्हणजे त्या पेटीतली जोडणी बदलणारी छोटी मोटर, बदलायचा. सल्ला अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण बाहेरून दोन्ही बिघाड सारखेच दिसतात. नॉब म्हणजे नुसती विनंती असते. मॉड्यूल ती वाचतं, गाडीचा वेग बघतं, लोसाठी न्यूट्रल आहे का ते तपासतं आणि मग मोटरला करंट सोडतं. मोटर एका बाजूला फिरवायची की दुसऱ्या, हे प्लस-मायनसची अदलाबदल करून ठरतं. मोटरबरोबरच एक एन्कोडर असतो. शाफ्ट आत्ता नेमका कुठे आहे ते तो कळवतो. तो संकेत आला नाही तर मॉड्यूलच्या दृष्टीने सगळी आंधळी कोशिंबीर, म्हणून ते मोटर फिरवायलाच नकार देतं. मोटर मेली, एन्कोडर मेला की मॉड्यूल, ड्रायव्हरला एकच दिसतं: फोर-व्हील पडत नाही. न तपासता मोटर बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर यू०१०२ हा कोड मिळाला. ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ. हा कोड बाकीची मॉड्यूल्स नोंदवतात, म्हणजे ही शेजाऱ्यांची तक्रार. घरातला माणूस खरंच गेलाय की नुसती बेल बंद आहे, ते त्यावरून कळत नाही. म्हणून कनेक्टर काढून सप्लाय, अर्थ (गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनसला जाणारी तार) आणि संपर्काच्या तारा तपासल्या. बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात त्या, दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम दाखवले, म्हणजे ती लाइन शाबूत. सप्लाय मल्टिमीटरवर बारा व्होल्ट दाखवत होता, पण त्यावर मी विसंबत नाही. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटरला बारा दिसतात. हेडलाइटचा जुना बल्ब लावून बघायचा. तो भगभगीत पेटला तर वायर खरी. इथे सप्लाय खरा निघाला, अर्थ नाही. तोच बल्ब अर्थच्या पिनवर जोडून त्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, तर अर्ध्या व्होल्टच्या वर. हा आकडा ०.१-०.२ च्या आत असायला हवा. अर्थचा बोल्ट सोडवला तर खालचा पत्रा गंजून तपकिरी पूड झालेला.

मोटरचा कनेक्टर काढून तिला थेट बारा व्होल्ट दिले. दोन्ही बाजूंनी ती मस्त घरघरली. हे करताना चाकांना ओंडके लावा, आणि अगदी न विसरता लावा. ट्रान्सफर केस मधल्या न्यूट्रलवर येऊन थांबली तर गिअर ‘पी’मध्ये (पार्क) असूनही गाडी घरंगळते, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो.

मग मॉड्यूल उघडलं. कनेक्टरच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर हिरवट-पांढरा थर होता. बोर्ड पालथा करून भिंगाखाली धरला, तर रिलेच्या (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. टूथपिकने रिले हलवला की पाय सोल्डरच्या आत हलताना दिसत होता. गरम-थंड होऊन आणि हादऱ्यांनी असं होतं, त्यात नवल नाही. नवल होतं ते पाण्याचं. डॅशच्या आत, कोरड्या जागी बसवलेल्या डब्यात पाणी आलं कुठून? पुढच्या काचेच्या कोपऱ्यातलं सील सुटलं होतं. तिथून पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये उतरत होतं. जुडगा वरून सरळ खाली येत होता, मध्ये कुठे झोळ नाही, म्हणजे पाण्याला आयतीच घसरगुंडी.

सोल्डर पुन्हा मारल्यावर जुनं मॉड्यूल काही आठवडे चाललं. मग तेच नाटक पुन्हा सुरू, कारण लॅकरच्या खाली बोर्डची तांब्याची पट्टीच खाल्ली गेली होती. नुसती चीर असेल तर दुरुस्ती जरूर करा. तो हिरवट गंज आत शिरलेला असेल तर त्या बोर्डावर वेळ घालवू नका.

जुन्या बाजारातलं मॉड्यूल घ्यायचा मोह मलाही झाला. काही गाड्यांत ते लावलं की चालतंही. पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा लागतो, कारण आपोआप फोर-व्हील लागणाऱ्या ट्रान्सफर केसचं मॉड्यूल आणि फक्त नॉबवर चालणाऱ्याचं मॉड्यूल बाहेरून हुबेहूब सारखं दिसू शकतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत आधीच्या गाडीचा चासी नंबर त्यात नोंदलेला असतो. त्यात तो डबा आधीच्या गाडीत किती पाणी प्यायलाय, हे कोण सांगणार? मी नवीन घेतलं. ते कोरं येतं, त्यामुळे प्रोग्रॅमिंग करावं लागतं. तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवा. अर्ध्यात व्होल्टेज कोसळलं तर नवा डबाही ठप्प होऊ शकतो.

बसवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. बॅटरीचं मायनस काढलं, थोडा वेळ थांबलो (एअरबॅगच्या तारा जवळच असतात), दोन स्क्रू, एक कनेक्टर, झालं. खरा वेळ गेला तो काचेचं सील, अर्थचा पत्रा घासून नवा लग (तारेच्या टोकाची बोल्टाखाली बसणारी कडी) बसवणं आणि जुडग्याला कनेक्टरच्या खाली झोळ देणं यात. आता पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी ठिबकेल, पिनांवर नाही.

आता वापराबद्दल. चिखलात, ओल्या चढावर, भार भरून, सगळीकडे वापरलं. पूर्वी नॉब फिरवल्यावर ‘लागलं की नाही’ म्हणून कान टवकारावे लागायचे. आता एक टक, छोटीशी घर्र, पुन्हा एक टक, आणि दिवा स्थिर. बॅटरी बसणं पूर्ण थांबलं. पावसाळा संपल्यावर मुद्दाम पॅनेल काढून कनेक्टर बघितला, पिना चकचकीत.

टू-व्हीलवर परत येताना मात्र कधीकधी दिवा थोडा वेळ लुकलुकतो. तो मॉड्यूलचा दोष नाही. पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण अडकलेला असतो, गाडी जराशी मागे घेतली की सुटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय ठेवून वळण घेतलंत तर नवं मॉड्यूलही काही करू शकणार नाही, गाडी अडखळणारच. पुढचे-मागचे टायर वेगवेगळे झिजलेले असले तरी तेच.

तक्रार एकच. नव्या मॉड्यूलच्या कनेक्टरचा प्लॅस्टिकचा खटका जुन्यापेक्षा तकलादू आहे. थंडीत ओढताना माझ्या हातात त्याचा कोपरा आला. कनेक्टर घट्ट बसतो, पण मी वरून एक केबल टाय आवळून ठेवलाय.

तुमच्या नॉबवरचे दिवे व्यवस्थित लागतायत, स्कॅनरला मॉड्यूल उत्तर देतंय आणि तरी फोर-व्हील पडत नाही, असं असेल तर मॉड्यूलची ऑर्डर देऊ नका. आधी गाडीखाली जा आणि मोटरचा कनेक्टर काढा. तो चाकांच्या चिखलाच्या माऱ्यात असतो, आणि पाणी बहुतेक वेळा तिथेच शिरलेलं असतं.