थकव्याचे कारण रक्तात शोधून देतो म्हणणाऱ्या केंद्राचा अनुभव

स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेले रेडिएशन संपून बरेच महिने झाले तरी माझा थकवा जात नव्हता, आणि त्याचे ‘नेमके कारण’ रक्ततपासणीतून दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या एका केंद्राने माझ्याकडून बरेच पैसे उकळले. हे कसे घडले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण त्या केंद्राच्या सांगण्यात उघड खोटे फारच थोडे होते. खऱ्या संशोधनाच्या आधाराने भलतेच काहीतरी विकले जात होते.

रेडिएशन चालू असताना थकवा आठवड्यागणिक वाढतो, शेवटच्या दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकींच्या बाबतीत पुढील काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. मात्र सुमारे पाव ते एक तृतीयांश स्त्रियांमध्ये तो वर्षानुवर्षे टिकू शकतो, असे अभ्यासांत आढळले आहे. हा थकवा झोपेने भरून निघत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. उपचार संपले म्हणजे माणूस बरा झाला, असे भोवतालची माणसे धरून चालतात. अशा वेळी ‘तुमचा थकवा खरा आहे आणि तो आकड्यांत दाखवता येतो’ असे कोणी म्हणाले की ते शब्द औषधासारखे वाटतात. त्या केंद्राने प्रत्यक्षात विकला तो हाच दिलासा.

तेथील समुपदेशकाने मला शोधनिबंधांतील आलेख दाखवले. ते निबंध खरे आहेत. ज्युलियन बोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले होते की, स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ज्या स्त्रियांना थकवा होता, त्यांच्या रक्तात निओप्टेरिनसारखे दाहाशी (इन्फ्लमेशनशी) संबंधित काही घटक इतरांपेक्षा जास्त होते आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी होते. पुढे २००९ साली रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांमध्ये सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी हा दाह वाढला की रक्तात वाढणारा घटक, आणि थकवा यांचा संबंध दिसून आला. परंतु हे सारे निष्कर्ष गटांविषयी आहेत. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते, पण केवळ उंची कळल्याने समोरची व्यक्ती पुरुष आहे की स्त्री हे सांगता येत नाही. तसेच एकट्या सीआरपीवरून एखादी स्त्री थकलेली आहे की नाही हे ठरत नाही, मग थकव्याचे कारण ठरणे तर दूरच. थकव्याचे निदान करणारी कोणतीही रक्ततपासणी आज वैद्यकीय व्यवहारात मान्य झालेली नाही. डॉक्टर रुग्णालाच थकवा ० ते १० या मापावर सांगायला लावतात आणि उत्तर ४ किंवा अधिक आले तर पुढील तपासणी करतात.

मला मिळालेला रिपोर्ट पाने भरून होता आणि त्यातील बहुतेक रकाने लाल होते. पुढे लक्षात आले की त्यातील मर्यादा प्रयोगशाळेच्या नेहमीच्या मर्यादा नव्हत्या. केंद्राने स्वतःच ठरवलेल्या, कितीतरी अरुंद अशा ‘आदर्श’ मर्यादा होत्या. नमुना कोणत्या प्रयोगशाळेत तपासला याचा उल्लेख नव्हता, पॅथॉलॉजिस्टची सहीही नव्हती. रक्त घेतले त्या दिवशी मला सर्दी-खोकला होता, पण कोणी विचारले नाही. संसर्गात सीआरपी अनेक पटींनी वाढू शकते. वाढलेले वजन, संधिवात, हिरड्यांचा आजार यांमुळेही ती वाढलेली असते. इंटरल्यूकिन-६ हा दाहाशी संबंधित आणखी एक घटक तर दिवसाच्या वेळेनुसार आणि व्यायामानंतरही बदलतो.

त्यानंतर गोळ्या आणि पावडरी आल्या: कार्निटिन, कोएन्झाइम क्यू१० आणि मिरीचा अर्क घातलेले हळदीचे कॅप्सूल. कार्निटिन आणि क्यू१० या दोन्हींचा कर्करोगाच्या थकव्यावर उपयोग झाला नाही, असे नियंत्रित चाचण्यांत दिसले आहे. कार्निटिनच्याच एका प्रकाराने तर, स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांच्या हातापायांची बधिरता वाढवली होती. मला सर्वाधिक राग आहे तो तिसऱ्या कॅप्सूलचा. मी टॅमॉक्सिफेन हे स्तनाचा कर्करोग परत येऊ नये म्हणून दिले जाणारे औषध घेते, आणि हळदीतील कर्क्युमिन मिरीतील पाइपरिनसह घेतल्यास टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणाऱ्या एंडॉक्सिफेन या प्रभावी घटकाची पातळी घटते, असे एका लहान अभ्यासात आढळले आहे. मी कोणती औषधे घेते हे त्या केंद्रात एकदाही विचारले गेले नाही.

काही आठवड्यांनी दुसरी तपासणी झाली आणि अनेक लाल रकाने हिरवे झाले. सर्दी बरी झाल्यावर सीआरपी खाली येणारच होती, शिवाय पहिल्यांदा फार वर गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा थोडा उतरतोच. श्रेय मात्र गोळ्यांना दिले गेले. थकवा जसाच्या तसा आहे असे मी सांगितले, तेव्हा ‘शरीर आतून सावरते आहे’ हे उत्तर मिळाले, पुढचा संच घ्या असा आग्रह झाला आणि पूर्ण विश्रांतीचा सल्लाही मिळाला. हा सल्ला तर सरळ उलटा आहे, कारण उपचारांनंतरच्या थकव्यावर ज्या उपायांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, त्यांत नियमित व्यायाम अग्रभागी आहे.

पुढील नियमित तपासणीत माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी झोप, मनःस्थिती, वेदना आणि औषधे यांविषयी विचारले आणि हिमोग्लोबिन, बी१२, साखर, टीएसएच (थायरॉइडचे काम तपासणारी चाचणी) अशा साध्या चाचण्या सांगितल्या. टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइड मंदावले होते. मला गळपट्टीच्या हाडावरील भागातही रेडिएशन दिले होते आणि त्या किरणांचा काही अंश थायरॉइडपर्यंत पोहोचू शकतो. त्या केंद्राच्या लांबलचक यादीत ही एक साधी चाचणी नव्हती, आणि लाल-हिरव्या आकड्यांच्या मागे लागून उपचाराचे कित्येक महिने वाया गेले. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर थकवा बराच उतरला. उरलेल्यासाठी मी रोज चालते आणि स्नायूंचे व्यायाम करते.

पैसे परत मागितल्यावर केंद्राने माझी सही असलेला कागद पुढे केला. त्यावर अगदी बारीक अक्षरांत छापले होते की ही तपासणी कोणत्याही आजाराच्या निदानासाठी नसून केवळ आरोग्यविषयक माहितीसाठी आहे. तोंडाने मात्र पहिल्या दिवसापासून ‘निदान’ हाच शब्द वापरला जात होता. अशा ठिकाणी कोणी जाणारच असेल, तर पैसे देण्याआधी हा कागद घरी नेऊन वाचावा आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवावा. तो न्यायला नकार मिळाला तर तेथूनच परत फिरावे. मी दोन्ही रिपोर्ट, पावत्या आणि त्या कागदाची प्रत जोडून तक्रार दाखल केली आहे.