नक्षीच्या फरशीवर कुठला ओटा? लेदर फिनिश काळा ग्रॅनाइट, १४ महिने वापरून

आधी खोली कशी आहे ते सांगते, कारण त्याशिवाय ह्या दगडाबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही. गुहागर तालुक्यातलं माझं माहेरचं घर, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, स्वयंपाकघराला आतून गिलावा कधी नव्हताच आणि आम्हीही केला नाही, वर वासे आणि मंगलोरी कौलं, त्यात मधेच एक काचेचं कौल, आणि खाली नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स. आठ इंची, चार जुळल्या की एक पूर्ण फूल होतं अशा. तांबडा, पिवळट, राखाडी, आणि प्रत्येक पाकळीला बारीक काळी रेघ. आजोबांनी मुंबईहून बोटीने दाभोळला उतरवून आणल्या असं आई सांगते. त्यात भिंतीतल्या कपाटाला कोरीव दारं, खिडकीला रंगीत काचा. म्हणजे डोळ्याला एक क्षण आराम नाही अशी खोली, पण आमची जीव की प्राण.

जुना ओटा कडप्पाचा होता, आजीच्या वेळचा, मधोमध तडा गेलेला. तो बदलायचा ठरला आणि मग जवळजवळ तीन महिने मी फक्त दगड बघत होते.

पहिली चूक माझीच. मला वाटायचं की फरशी तांबडी आहे तर ओट्यातही तांबडं हवं. चिपळूणला एका दुकानात टॅन ब्राऊन बघितला, तो तेलंगणात करीमनगरकडे निघतो, काळ्यावर तांबूस-तपकिरी मोठे ठिपके, दुकानात इतका सुंदर दिसला की मी अॅडव्हान्स द्यायला निघाले होते. आई म्हणाली, अगं आधी एक तुकडा घरी नेऊन बघ ना. तुकडा आणला, फरशीवर ठेवला, आणि दोन मिनिटांत कळलं की हे चालणार नाही. ठिपके आणि फुलं एकमेकांवर ओरडत होते. आणि दोन तांबडे कधीच एक नसतात, टाइलचा तांबडा विटकरीकडे जाणारा, दगडाचा यकृतासारखा, शेजारी ठेवले की दोन्ही मळके दिसतात. ब्लॅक गॅलॅक्सीचंही तेच झालं, आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला निघतो तो, त्यातले सोनेरी कण फ्लॅटमधल्या किचनमधे छान वाटतात पण चिऱ्याच्या भिंतीशेजारी लग्नातल्या साडीसारखे चमकत होते.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. नक्षीत जो रंग सगळ्यात जास्त आहे तो ओट्याला घेऊ नका, जो सगळ्यात कमी आहे तो घ्या. आमच्या टाइलमधे ती बारीक काळी रेघ. काळा सपाट दगड ठेवला की ती रेघ एकदम उठून दिसायला लागली, फरशी आणखी देखणी झाली, आणि ओटा गप्प बसला. जिथे फरशी इतकं बोलतेय तिथे ओट्याने गप्पच बसायला हवं.

काळा ठरला तरी काळ्यात निवड आहेच. आईचं मत कडप्पा. स्वस्त, ओळखीचा, रंगही मऊसर काळा. पण कडप्पा म्हणजे चुनखडी, त्याला आंबट सोसत नाही, आणि आमच्याकडे आगळ (कोकमाचा दाट आंबट रस), चिंच, लिंबू, कैरी ह्यांच्याशिवाय एक दिवस जात नाही. मी सगळ्या नमुन्यांवर रात्रभर लिंबाची फोड, हळद घातलेलं तेल आणि आगळाचा थेंब ठेवला होता. सकाळी कडप्पावर लिंबाच्या जागी पांढुरका डाग, पुसून जाईना, कारण तो डाग नसतोच, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. आजी आठवड्याला खोबरेल तेलाचा हात का फिरवायची ते तेव्हा समजलं. काळ्या ग्रॅनाइटला काहीही झालं नाही. (व्यापारी ज्याला जेट ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात तो खरा ग्रॅनाइट नसतोच बहुतेक वेळा, डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो, पण ओट्यासाठी त्याने काही बिघडत नाही, टणक असतो आणि आंबटाला दाद देत नाही.)

क्वार्ट्झ भावाने सुचवला होता, पांढरा, राखाडी शिरांचा. त्यात दगडाचा चुरा आणि तो धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा डिंक असतो, आणि ते रेझिन उष्णता सोसत नाही. आमच्याकडे बिड्याचा तवा चुलीवरून उचलून सरळ ओट्यावर टेकवला जातो, ही सवय आईची ७० व्या वर्षी मी मोडणार नाही. काळ्या ऑक्साईडचा, म्हणजे सिमेंटमधे रंग मिसळून घोटलेला ओटा मला मनापासून हवा होता, पण तसं घोटणारा गवंडी शेवटपर्यंत मिळाला नाही.

आता फिनिश, कारण इथे खरी मजा आहे. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट म्हणजे आरसा. त्यात वरचे वासे, खिडकीच्या काचा, ट्यूबलाइट सगळं दिसतं, म्हणजे आधीच भरलेल्या खोलीचं आणखी एक प्रतिबिंब, आणि प्रत्येक ओलं बोट उमटतं. लेदर फिनिशमधे डायमंडच्या ब्रशने घासून पृष्ठभाग किंचित उंचसखल ठेवतात, चमक जवळजवळ नसते, हात फिरवला की पाट्यासारखा लागतो पण खरबरीत नाही. चिरा, लाकूड, जुनी टाइल ह्यांच्यात तो नवीन वाटतच नाही. बघायला येणारे विचारतात की हा जुनाच आहे का, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

दगड घेतला कराडच्या बाजूच्या एका यार्डातून. जाताना घरातली एक सुटी टाइल बरोबर घेऊन गेले, हे सगळ्यात उपयोगी पडलं. स्लॅब उन्हात बघू नका, सावलीत ओढायला सांगा आणि अर्ध्या भागावर पाणी मारून बघा, ओला आणि सुका रंग किती बदलतो ते कळतं. आणि काळा दगड घेताना कापसाचा बोळा थिनरमधे बुडवून घासा, बोळा काळा झाला तर दगड राखाडी आहे आणि वरून रंग दिलाय, काही वर्षांत ओट्यावर फिकट पट्टे दिसायला लागतात. पहिल्या यार्डातला बोळा काळा झाला, तिथून आम्ही निघालो. मला लेदर फिनिश २१० रुपये स्क्वेअर फूट पडला, तोच दगड पॉलिशमधे १७० ला होता. टेम्पोने कुंभार्ली घाट उतरून आला, उभा बांधून, आडवा आणू देऊ नका.

बसवताना मात्र मनस्ताप झाला. फिटरने सवयीने पुढची कड गोल मोल्डिंग करून चकचकीत पॉलिश केली, वर मॅट आणि कडेला आरसा, नऊ फुटांची चमकणारी पट्टी. नावं ठेवत नाही, पण सांगितलेलं ऐकलं नाही हे खरं. पुन्हा घासायला लावलं, तरी कड वरच्या भागाइतकी जमली नाहीच, जवळून बघितलं तर कळतं. तेव्हा कडेचा नमुना आधी करून मागा, आणि ह्या खोलीला गोल मोल्डिंगपेक्षा साधी सरळ कड, धार फक्त मारलेली, जास्त शोभते. चिऱ्याची भिंत सरळ नसते, आमची एका टोकाला सव्वा इंच आत होती, म्हणून प्लायचा साचा करून मग दगड कापला. एल आकारात एक जोड येतोच, तो सिंकच्या कापावर येऊ देऊ नका, तिथे दगड आधीच कमजोर झालेला असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काम संपल्यावर सिमेंटचे शिंतोडे काढायला त्या माणसाने ॲसिडची बाटली काढली. नशीब मी तिथेच उभी होते. ह्या टाइल्स भाजलेल्या नसतात, प्रेसमधे दाबून पाण्यात मुरवलेल्या असतात, रंगाचा थर काही मिलिमीटरचाच, त्याच्यावर ॲसिड पडलं की नक्षी गेली. आजोबांनी बोटीने आणलेली फरशी दोन मिनिटांत गेली असती. साबणाचं पाणी आणि प्लास्टिकचा खरवडा, एवढ्यावर सगळं निघालं. काम चालू असताना फरशीवर जाड गोणपाट टाकून ठेवा.

१४ महिन्यांनंतर तक्रारी काय, तर पीठ. बारीक खळग्यांत तांदळाचं पीठ बसतं, भाकरी थापून झाल्यावर नुसत्या फडक्याने निघत नाही, मऊ ब्रश फिरवावा लागतो. गॅसच्या बाजूला तेलाचा थर पॉलिशपेक्षा लवकर धरतो. आणि काळ्यावर मोहरी सांडली की दिसत नाही, मुंग्याही दिसत नाहीत, पावसाळ्यात काचेच्या कौलातून उजेड येत नाही तेव्हा आईला त्रास व्हायचा, मग ओट्यावर फळीखाली एक पिवळा दिवा लावला. हे आधीच करायला हवं होतं. सीलर, म्हणजे दगडात डाग मुरू नये म्हणून लावायचं द्रव, एकदा मारलाय, डाग अजून एकही नाही, आगळाची बाटली उपडी झाली होती तरी नाही.

उंची ३२ इंच ठेवली, आई जेमतेम पाच फूट आहे. फिटर ३४ म्हणत होता, सगळीकडे तसंच करतो म्हणाला, पण ज्याला तिथे उभं राहायचंय त्याच्या कोपराच्या हिशोबाने करा. खालचे उभे पाट आणि मांडण्या मात्र कडप्पाच्याच केल्या, तिथे लिंबू सांडत नाही आणि पैसेही वाचतात. जुन्या ओट्याचे दोन चांगले तुकडे त्यात वापरले, आई रोज भांडी ठेवताना त्याच्यावर हात फिरवते.

सिंकसाठी कापून निघालेला तुकडा फिटर बहुधा घेऊन जातो, तो मागून घ्या, पैसे तुम्ही पूर्ण स्लॅबचे दिलेले असतात. आमचा आता माजघरात लोणच्याच्या बरण्यांखाली आहे, गार असतो आणि बरणीतून तेल पाझरलं तरी फरशीला लागत नाही.