मॉरिशसचं वृद्ध पेन्शन: वय वाढवावं की उत्पन्न तपासावं?

मॉरिशसमध्ये मराठी माणसासह सर्वांना वृद्धापकाळी सरकारी तिजोरीतून पेन्शन मिळतं. 1958 मध्ये ते सार्वत्रिक झालं, वर्गणी भरलेली असो वा नसो. लोकसंख्या म्हातारी होतेय, खर्च फुगतोय. कात्री लावायची कुठे?

उत्पन्न तपासणी, म्हणजे जास्त कमावणाऱ्यांना पेन्शन न देणं, ऐकायला न्याय्य वाटते. 2004 मध्ये ती आणली, पुढच्याच वर्षी निवडणुकीत सरकार गेलं आणि नव्या सरकारने ती गुंडाळली. तांत्रिक दुखणं वेगळंच. समजा पेन्शन 15,000 रुपये आणि उत्पन्नाची मर्यादा 20,000. मग 19,000 कमावणाऱ्याच्या हाती 34,000, तर 21,000 वाल्याकडे फक्त 21,000! लोक कमाई लपवतात किंवा काम सोडतात. उपाय म्हणजे मर्यादेवरच्या दर रुपयामागे पेन्शनमधून 25 पैसे कापणं. पण त्यालाही उत्पन्नाची खरी नोंद हवी. मासेमार, भाजीवाले यांची ती कुठून आणणार? श्रीमंतांकडून आयकरातून वसुली करणं त्यापेक्षा सुटसुटीत.

वय वाढवणं कारभाराला सोपं: जन्मतारीख पाहिली की झालं. 2025 च्या अर्थसंकल्पात 60 वरून 65 कडे टप्प्याटप्प्याने जायचं ठरलं, त्यावर निदर्शनंही झाली. राग समजण्यासारखा आहे. उसाच्या शेतात राबलेल्याचं शरीर साठीतच थकतं, कार्यालयातल्याचं नाही. म्हणून वयच वाढवावं, पण 60 ते 65 मधल्या गरजूंपुरती उत्पन्न तपासून मदत ठेवावी. ज्यांचं उत्पन्न तपासायचं ती माणसं कमी, म्हणून चुकाही कमी.