भोसरीत दोन युनिटमधली वायरलेस लिंक, हॉट स्टँडबायसकट: वर्षभर वापरून लिहितेय

आमचं भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप आहे. युनिट एकमध्ये मशीन आणि सर्व्हर, तिथून साधारण ८०० मीटरवर युनिट दोन, डिस्पॅच सगळा तिथून होतो. मधे दुसऱ्यांचे प्लॉट आणि रस्ता, खोदाई करून फायबर टाकणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं म्हणून गच्चीवरून गच्चीवर वायरलेस लिंक घेतली.

आधी ज्यांनी काम केलं त्यांनी एकच लिंक दिली आणि बॅकअप म्हणजे रेडिओचा एक जोड खोक्यात पॅक करून कपाटात ठेवला. मागच्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि लिंक गेली ती गेलीच. गाडी भरून गेटवर उभी, माल एक लाख रुपयांच्या वरचा म्हणजे राज्यातल्या राज्यातसुद्धा ई-वे बिल पाहिजेच, आणि इन्व्हॉइस निघणार सर्व्हरवरून, मग मोबाईलवर नेट असून काय उपयोग. खोकं उघडून पोलवर चढवून दोन्हीकडून अलाइन करेपर्यंत अडीच तास गेले, ड्रायव्हर काका तेवढा वेळ केबिनमध्ये बसून, चाकणला गाडी पोचली तर तिथे रिसीव्हिंग बंद झालेलं, त्यांना रात्र तिथेच काढावी लागली. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मग ओळखीतून एक दोन जणांची टीम मिळाली, हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, ताई, कपाटातलं ते कोल्ड स्पेअर, तुम्हाला हॉट स्टँडबाय पाहिजे. म्हणजे दोन्ही लिंक कायम चालू, एकमेकांशी जोडलेल्या, डेटा फक्त एकीवरून जातो आणि ती पडली की दुसरी आपोआप घेते, कुणी गच्चीवर चढायचं नाही.

काम कसं केलं ते नीट सांगते कारण खरा फरक इथेच आहे. दोन रेडिओ, पण एकाच पोलवर नाही, गच्चीच्या दोन टोकांना. पीओई (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) वेगळे, स्विच वेगळे, यूपीएससुद्धा वेगळे, कारण सगळं एकाच यूपीएसवर असेल तर तो बसला की दोन्ही सोबतच बसणार. दोन्ही ५ गिगाहर्ट्झच पण एक बँडच्या खालच्या टोकाला आणि एक ५.८ ला, म्हणजे एकमेकांना त्रास नाही. या बँडला आपल्याकडे २०१८ पासून लायसन्स लागत नाही त्यामुळे आमच्या भागात गर्दी भरपूर, त्यांनी आधी अर्धा दिवस नुसतं स्कॅन केलं. आणि लाइन दिसते म्हणजे झालं असं नसतं हे मला तेव्हाच कळलं, एवढ्या अंतराला मधोमध लाइनच्या भोवती तीनेक मीटर मोकळं लागतं, शेजारच्या प्लॉटमधल्या झाडाचा शेंडा त्यात येत होता म्हणून पोल उंच केले.

राउटर दोन्ही युनिटला दोन-दोन, त्यावर व्हीआरआरपी, म्हणजे दोन राउटरनी मिळून एकच पत्ता सांभाळायची पद्धत. कॉम्प्युटरला गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, पत्ता एकच दिसतो, तो चालू राउटरकडे असतो. तो दर सेकंदाला 'मी आहे' म्हणून कळवतो, तीन वेळा आवाज आला नाही की दुसरा तोच पत्ता घेऊन उभा राहतो, तीन-चार सेकंदांत.

टेस्ट गुरुवारी ठेवली, आमच्याकडे सुट्टी असते ना. त्यांनी मलाच सांगितलं, "ताई, तुम्हीच ओढा वायर." राउटर बंद केला, तीन-चार सेकंदांत सुरू. मग पलीकडच्या गच्चीवरचा रेडिओ बंद केला तर तब्बल ४० सेकंद सगळं थांबलं! कारण असं की आमच्या गच्चीवरचा रेडिओ चालूच होता, राउटरच्या पोर्टचा दिवा हिरवा, त्याला वाटलं सगळं ठीक आहे, आणि ओएसपीएफ (राउटर एकमेकांशी बोलून रस्ता ठरवतात ती पद्धत) त्याच्या नेहमीच्या सेटिंगला ४० सेकंद वाट बघतो. त्यांनी तिथल्या तिथे बीएफडी लावलं, ते थेट पलीकडच्या राउटरला सेकंदात कितीतरी वेळा विचारत राहतं. परत वायर ओढली, एक सेकंदसुद्धा लागला नाही. चूक समोर दिसली आणि समोरच दुरुस्त केली, हे मला फार आवडलं.

अजून एक, मुख्य लिंक परत आली की लगेच तिच्यावर जायचं नाही, पाच मिनिटं सलग टिकली तरच. नाहीतर खराब हवेत सारखं इकडून तिकडे होत राहतं.

जुलैत खरी परीक्षा झाली. मुख्य रेडिओच्या केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं (५ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरावर नुसत्या पावसाने फारसं काही होत नाही, घात करतं ते हे पाणी) आणि लिंक पडली. डिस्पॅचच्या मुलांना कळलंसुद्धा नाही, मला मेसेज आला तेव्हा कळलं.

आता तक्रार. सुरुवातीला मेसेज फक्त मुख्य लिंक पडली की यायचा. ऑगस्टमध्ये स्टँडबायचा पीओई जळून नऊ दिवस झाले होते आणि कुणालाच माहीत नाही, गुरुवारच्या टेस्टमध्ये सापडला. त्या नऊ दिवसांत मुख्य पडली असती तर परत गाडी गेटवर! हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, मी त्यांना स्पष्ट बोलले, त्यांनी मान्य करून त्याच दिवशी दोन्हींचा अलर्ट लावला. नकाशा आणि पासवर्डची फाइल पण दोन महिने मागून मागून मिळाली, कुणाकडूनही काम करून घ्या पण ती हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

खर्च सगळा धरून ७८,००० आला, पोल आणि यूपीएस त्यातच. दर तीन महिन्यांनी गुरुवारी येऊन वायर ओढून दाखवायची हे एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) लिहून घेतलंय. पुढच्या खेपेला युनिट दोनकडचा राउटर बंद करून बघायचाय, तिकडची टेस्ट आत्तापर्यंत एकदाच झालीये.