बेसचा जॅक गेलाय: वाकवायचा, डाग द्यायचा की बदलायचा?

रिसेप्शन तासगावला होतं. दुसऱ्याच गाण्याला माझ्या बेस गिटारमधून खर्र आवाज आला, मग खट्, आणि मग काहीच नाही. कीबोर्डवाला माझ्याकडे बघायला लागला. मिक्सरवरचा पोरगा तिथूनच ओरडला, "दादा, बेस वाजंना झालाय की!" गिटारात घातलेली पिन अंगठ्यानं वर दाबली की आवाज येत होता, सोडली की जात होता. पुढचे दोन तास पिनेला काळी टेप गुंडाळून, ती टेप गिटारच्या अंगावर चिकटवून काढले.

ऐन लग्नसराईत हे झालं की दुसऱ्या दिवशी डोक्यात तेच तेच घोळतं. आहे तो जॅक, म्हणजे गिटारातलं पिन घालायचं सॉकेट, वाकवून भागेल का? नवा टाकायचा तर कुठला? घरी करावं, सांगलीत कुणाकडे द्यावं, की थेट पुण्याला पाठवावं? हे सगळे मार्ग मी तीन वेगवेगळ्या बेसवर करून बसलोय. त्यातले दोन तर चुकीच्या वेळी.

आधी जॅकच गेलाय का ते बघा

दहातल्या निम्म्या वेळा तरी दोष केबलचा असतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून पहिलं काम, दुसऱ्याची चालू केबल घेऊन लावणे. तीही खरखरली तरच गिटारकडे वळायचं. अँपकडचं टोक हलवून बघा, मग गिटारकडचं. गिटारकडचं हलवल्यावरच आवाज तुटत असेल तर संशय जॅकवर. पिन स्थिर धरून व्हॉल्यूमचं बटन फिरवताना खरखर होत असेल, तर जॅक निर्दोष आहे, पॉटमध्ये, म्हणजे त्या बटनाखालच्या भागात, घाण बसलीय.

आवाज कसा जातो यावरूनही बरंच कळतं. मोठ्ठा 'हूंऽऽ' येतोय आणि त्याच्यामागे बेस कुठंतरी बारीक ऐकू येतोय, तर ग्राउंडची वायर सुटलीय. एकदम चिडीचूप असेल तर एकतर हॉट, म्हणजे आवाज नेणारी वायर तुटलीय किंवा हॉट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेत. या दोन्हीतला फरक कानाला कळत नाही, मल्टिमीटरला कळतो. केबल गिटारमध्ये घालायची, दुसऱ्या टोकाच्या पिनेच्या टोकाला आणि दांड्याला मीटरच्या काड्या लावायच्या, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा. बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह बेसला साधारण ४ ते १२ हजार ओहमच्या मधला आकडा दिसला पाहिजे. शून्य दिसलं तर कुठंतरी शॉर्ट आहे, काहीच दिसलं नाही तर सर्किट तुटलंय. आकडा दिसतोय पण पिन हलवली की नाचतोय, तर जॅकची जीभ सैल झालीय. बॅटरीवाल्या अॅक्टिव्ह बेसला ही चाचणी लावू नका, तिथं आकडा प्रीअँपचा, म्हणजे आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचा येतो आणि त्यावरून काही ठरत नाही.

एवढं दहा मिनिटांत होतं. मी पहिल्यांदा हे न करता थेट नवा जॅक टाकला होता. दोष केबलमध्ये निघाला.

जीभ वाकवणं: फुकट, पण एकदाच

जॅक उघडा असेल तर त्याचं काम डोळ्यांना दिसतं. एक गोल नळी, ती ग्राउंड. तिच्यापासून बाजूला निघालेली पत्र्याची लांब जीभ, ती हॉट. पिन आत गेली की जिभेचा वाकडा शेंडा पिनेच्या टोकामागच्या खाचेत टक् करून बसतो. तो 'टक्' कमी झाला, पिन लोण्यात सुरी जावी तशी आत-बाहेर व्हायला लागली, की समजायचं जिभेचा ताण गेलाय.

पिन काढून जीभ अंगठ्यानं आतल्या बाजूला हलकेच दाबायची, दोनेक मिलिमीटर पुरे. पक्कड लावू नका, शेंडा तिरका होतो. सोबत कापसाच्या इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जिभेचा आतला भाग आणि नळी पुसून काढा. पॉलिश पेपर घासायचा मोह टाळा, वरचा निकेलचा मुलामा निघाला की खालचं पितळ काळं पडतं आणि खरखर दुप्पट होते. हार्डवेअरच्या दुकानात गंजासाठी मिळणारे तेलकट स्प्रेही नकोत. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा मिळतो, तो चालतो.

माझ्या जुन्या बेसवर पहिल्यांदा वाकवलेली जीभ आठ महिने टिकली. दुसऱ्यांदा तीन आठवडे. तिसऱ्यांदा वाकवताना बुडातून तुटली. पत्रा वाकवून वाकवून थकतो, तो काही स्प्रिंगचा नसतो. त्यामुळे उद्या कार्यक्रम आहे आणि जॅक पहिल्यांदाच सैल झालाय, तर वाकवा. आधी एकदा वाकवलेला असेल, तर वेळ घालवू नका.

डाग देणं: जॅक चांगला, वायर सुटलीय

हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि लोक उगाच नवा जॅक आणतात. बाहेरचा नट सैल झाला, की प्रत्येक वेळी पिन घालताना-काढताना आख्खा जॅक आतल्या आत फिरतो. वायरला पीळ पडत जातो आणि एक दिवस ती टाक्यापाशी, म्हणजे सोल्डर केलेल्या जागी तुटते. नट सैल दिसला म्हणून बाहेरून पान्हा लावून आवळला, तरी तेच होतं. प्लेट उघडायची, आतून जॅक बोटांनी धरायचा आणि मग बाहेरचा नट आवळायचा. आत दातेरी वायसर नसेल तर तो टाका, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि निम्मं दुखणं त्यानंच थांबतं.

डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, २५ वॉटची आयर्न पुरते. सोल्डर ६०-४० चा, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं, आत रोझिन भरलेला. डबीतली अॅसिडची पेस्ट पत्र्याच्या कामाला, इथं नको, ती पुढं वायर खाते. काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा. वायर सोलून तिच्या टोकाला आधी सोल्डरची कल्हई करून घ्यायची, जॅकच्या कानालाही, म्हणजे वायर जोडायच्या पट्टीलाही तशीच. मग आयर्ननं कान तापवायचा आणि सोल्डर आयर्नला नाही, कानाला लावायचा. तापलेला कान सोल्डर ओढून घेतो. वर नुसता थेंब बसलाय आणि तो मातकट, दाणेदार दिसतोय, तर तो टाका आज ना उद्या सुटणार.

ग्राउंडचा कान नळीला जोडलेला असतो, हॉटचा जिभेला. मीटर बजरवर ठेवून खात्री करा, अंदाजानं लावू नका. उलट लागल्या तरी बेस वाजतो, पण एवढा घोंघावतो की मांडववाले जनरेटरला शिव्या घालतात.

खर्चाच्या हिशेबात फुकटच्या वाकवण्याखालोखाल हाच मार्ग स्वस्त, आणि टिकाऊही. आयर्न घरी नसेल तर मात्र एका टाक्यासाठी विकत घेऊन शिकण्यापेक्षा कारागिराकडे नेलेलं बरं. पहिला टाका सगळ्यांचाच वाईट पडतो, तो आपल्या गिटारवर कशाला पाडायचा?

बदलायचा ठरलाच, तर कुठला

खरी निवड इथं आहे. बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात.

साउंडच्या सामानाच्या दुकानात 'पी-३८ चा सॉकेट द्या' म्हटलं की हातात येतो तो साधा, हलक्या पत्र्याचा जॅक. चार चहांच्या पैशात येतो. पत्रा पातळ, जिभेला ताण कमी. घरी सराव करणाऱ्याला चालेल. महिन्याला आठ-दहा कार्यक्रम करणाऱ्यानं हा टाकला, तर वर्षभरात परत प्लेट उघडायची तयारी ठेवावी.

दुसरा जाड पत्र्याचा उघडा जॅक. स्विचक्राफ्टचे या प्रकारातले जॅक जगभर गिटारवाले वापरतात, मोनोचा, म्हणजे दोन कानांचा, क्रमांक ११ आणि स्टिरिओचा, म्हणजे तीन कानांचा, १२ बी. ऑनलाइन मागवावा लागतो, पैसे साध्याच्या कितीतरी पट पडतात. पण जीभ खरोखर स्प्रिंगसारखी असते, आणि महत्त्वाचं म्हणजे काय बिघडलंय ते दिसतं. ही ६.३५ मिलिमीटरची पिन आणि हा जॅक मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेत. ऑपरेटर दिवसभर खुपसायचे आणि काढायचे, त्या राबत्यासाठी बनवलेली ही चीज आहे.

तिसरा नळकांड्यासारखा बंद जॅक, बॅरल म्हणतात तो. अंगाच्या बाजूला सॉकेट असलेल्या बऱ्याच बेसमध्ये कंपनीतूनच हा येतो. दिसायला देखणा, धूळ कमी जाते. पण आतली जीभ सैल झाली तर हात पोचत नाही. वाकवणं नाही, नीट साफ करणं नाही, थेट कचऱ्यात. त्याचं भोकही मोठं असतं, त्यामुळे तिथं उघडा जॅक बसवायचा तर पत्र्याची जॅक प्लेट लावावी लागते. मी माझ्या पाच तारांच्या बेसवर तशी प्लेट लावली. दिसायला ठिगळ वाटतं, पण चार वर्षं झाली, पिन अजून टक् करून बसते.

मला विचाराल तर दुसरा. पिकगार्डवर किंवा कंट्रोल प्लेटवर जॅक असलेल्या बेसला तर दुसरा विचारच करू नका. भोक साधारण साडेनऊ मिलिमीटरचं लागतं, स्वस्त गिटारमध्ये ते कमी असू शकतं, म्हणून मागवण्याआधी मोजा. जाड लाकडातून जॅक थेट बाहेर काढलेला असेल तर लांब नळीचा घ्या, नाहीतर नटला आटेच मिळत नाहीत.

मोनो की स्टिरिओ, इथं मात्र चूक करू नका. बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर जॅक स्टिरिओच हवा. बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या कानाला असते. मोनो पिन आत गेली की मधला कान ग्राउंडला जोडला जातो आणि प्रीअँप चालू होतो, पिन हाच बॅटरीचा स्विच. तिथं मोनो जॅक टाकलात तर प्रीअँप चालूच होणार नाही, किंवा कुणी वायर जुळवून दिली तर रात्रंदिवस चालू राहील. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, तिन्ही वायरींचे रंग दिसतील असा. मी काढला नव्हता. हॉट मधल्या कानाला लावली, सगळं बंद केलं, स्क्रू आवळले, पिन घातली. चिडीचूप. तासभर तारांखालचे पिकअप तपासत बसलो, आणि हॉट सरळ ग्राउंडला जाऊन मिळाली होती.

कुणाकडे द्यायचा

बाहेरगावचे मित्र हमखास म्हणतात, तुमच्याजवळ मिरज आहे की! खरंय, सतारमेकरांची गल्ली दहा किलोमीटरवर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भोपळा निवडणं, जवारी काढणं हा त्यांचा हात. मी एकदा बेस घेऊन गेलो तर तिथल्या आजोबांनी मान फिरवून फिरवून बघितली, लाकूड ठोकून बघितलं आणि म्हणाले, "लाकडाचं काय असंल तर आणा. ही रेडिओची भानगड हाय." बरोबर बोलले. जॅक हे वाद्याचं दुखणं नाहीच.

वाद्यांच्या दुकानात दिलात तर बऱ्याचदा ते स्वतः करत नाहीत, पुढं कुणाकडे तरी पाठवतात. एका दुकानात माझी बेस अकरा दिवस पडून होती आणि परत आली तेव्हा जॅक नवा पण सगळ्यात हलका बसवलेला. पुण्यातले गिटारचे कारागीर काम सुंदर करतात, पण एका जॅकसाठी सव्वादोनशे किलोमीटर न्यायचा हिशेब जमत नाही. फ्रेट घासायचे आहेत, नेक सरळ करायची आहे, तर त्याच्याबरोबर जॅकही करून घ्या.

राहिला मिक्सर आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा. माझं मत त्याला. त्याचा दिवस याच पिना आणि याच सॉकेटांत जातो. फक्त जॅक तुम्ही न्या, त्याच्या डब्यातला घेऊ नका, आणि अॅक्टिव्ह बेस असेल तर आतला फोटो दाखवा. समोर बसून करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

एक अपवाद सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे पाण्यातून निघालेली वाद्यं स्वस्तात विकली गेली. त्यातली एक बेस माझ्या भाच्यानं घेतली. जॅकवर हिरवा कळंक चढला होता, म्हणून 'मामा, नुसता जॅक बदलू' म्हणाला. आतली वायरही आवरणाखाली काळी पडली होती, टाकाच धरेना. तिथं जॅक, पॉट आणि वायरिंग एकदमच बदलावं लागलं. सेकंडहँड घेताना जॅकच्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारा, आत काय चाललंय ते तिथंच कळतं.

तासगावच्या त्या बेसचं शेवटी असं झालं. जीभ दोनदा वाकवून झाली होती, म्हणून जाड पत्र्याचा जॅक मागवला, चार दिवसांनी आला, तोवर एक कार्यक्रम दुसऱ्याची बेस मागून केला. सांगलीतल्या गणपती पेठेच्या मागच्या बोळात बसणाऱ्या मामांनी चष्मा कपाळावर सरकवून वीस मिनिटांत बसवून दिला. केबल पट्ट्यामागून फिरवून घ्यायची सवय लावा म्हणाले, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी ओढ पट्ट्याला बसते, जॅकला नाही. पैसे दिले आणि जुना जॅक उचलायला गेलो तर त्यांनी तो आधीच डब्यात टाकला होता. "ऱ्हाऊ दे. मला टेस्टिंगला चालतोय."